एकच स्कोप, भाचीच्या टार्गेटला आणि माझ्या पाखरांना

मागच्या फेब्रुवारीत कायगावला गेलो होतो, नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी उतरायला लागलं होतं आणि गाळपेरीच्या हरभऱ्याच्या पुढं ओल्या चिखलाची लांब पट्टी उघडी पडली होती. तिच्यावर टिलवे पळत होते, शंभर तरी असतील. आता टिलवा म्हणजे चिमणीएवढा पक्षी आणि आपल्याकडं हिवाळ्यात नेहमीचे दोन येतात, छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा, आणि दोघांतला सगळ्यात सोपा फरक पायात आहे, छोट्याचे पाय काळे आणि टेमिंकचे पिवळसर हिरवट. माझ्याकडं ८×४२ ची दुर्बीण आहे, चांगली आहे, दहा वर्षं वापरतोय. पण पक्षी दीडशे मीटरवर, पाय चिखलात, आणि पुढं सरकावं तर गुडघाभर गाळ, शिवाय थवा उठून जाणार. दोन तास बसून मी वहीत फक्त "टिलवे" एवढंच लिहून घरी आलो. ते मनाला फार लागलं.

त्याच महिन्यात संभाजीनगरला ताईकडं गेलो तर भाचीचं वेगळंच दुखणं चालू होतं. ती चार वर्षं १० मीटर एअर रायफल मारायची. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ घेतलं तेव्हापासून तिच्या डोक्यात ५० मीटरच. क्लबच्या .२२ रायफलीवर शिकायलीय. मोठ्या स्पर्धांना इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं, गोळी कुठं लागली ते शेजारच्या स्क्रीनवर लगेच दिसतं, पण सरावाला कागदच. आणि गोळी लागली कुठं हे बघायला दुसऱ्या मुलीचा स्कोप, म्हणजे स्टँडवर ठेवून एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, मागून घ्यायचा, तिची सिरीज संपेपर्यंत थांबायचं. दाजी म्हणाले, "घेऊ की आपण एक, पण लई महागाचं नको." मी म्हणलं अर्धे माझे. असं करत वीस हजारात, स्टँड धरून, दोघांच्या कामाचा एक स्कोप घ्यायचं ठरलं आणि पुढचे सात-आठ महिने मी त्याच्यातच होतो. जे कळलं ते लिहून ठेवतो, कारण मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला तरी सापडलं नाही.

आधी ते आकडे. स्कोपवर २०-६०×६० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे झूम, वीसपट ते साठपट, आणि शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुकानदार, जाहिराती, सगळे पहिल्याच आकड्याबद्दल बोलतात. खरा कामाचा आकडा शेवटचा. शेवटच्याला झूमनं भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ६० ला २० नं भागलं, ३ मिलिमीटर. दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली साधारण दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणजे चित्र एकदम उजळ. आता तोच स्कोप ६० पटीवर न्या, झोत उरला १ मिलिमीटर. चित्र मोठं होतं पण अंधारतं, काठ पुसट होतात, आणि डोळा केसभर हलला की सगळं काळं. एवढ्या एका भागाकारानं माझं अर्धं काम झालं.

याच भागाकारानं ऑनलाइन मिळणारे ते "१०-३००×४०" वाले मोनोक्युलर, म्हणजे हातात धरायच्या एका डोळ्याच्या दुर्बिणी, पण तपासा. ४० भागिले ३००, दशांश एक-तीन मिलिमीटर. सुईच्या टोकाएवढा उजेड, त्यात दिसणार काय? तसला एक मी मार्चमध्ये मागवला होता, एवढ्यातच भागलं तर बरं म्हणून. समोरच्या गल्लीतली पाटीसुद्धा त्यातून साध्या दुर्बिणीपेक्षा खराब दिसली. परत पाठवला, पैसे यायला महिना गेला. तुमचे पैसे वाचावेत म्हणून सांगतोय, त्या वाटेला जाऊच नका.

मग प्रश्न असा की भाचीला नेमकं किती झूम लागतं. .२२ च्या गोळीचं भोक ५.६ मिलिमीटरचं, आणि ५० मीटरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. २० पटीनं बघितलं की ५० मीटरवरचा कागद अडीच मीटरवर आल्यासारखा दिसतो. खोलीच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या कागदावरचं साडेपाच मिलिमीटरचं भोक दिसतं का? दिसतं, डोळे चांगले असतील तर आरामात. अडचण मापाची नाहीच, अडचण ही की भोक काळ्या गोलात पडतं, काळ्यावर काळं. तिथं झूम वाढवून काही होत नाही, तिथं काच स्वच्छ आणि चित्र उजळ पाहिजे. म्हणजे परत तेच, मोठं भिंग आणि बेताचं झूम. पंचवीस-तीस पट म्हणजे तिला भरपूर झालं.

पाखरांचं पण वेगळं नाही. दीडशे मीटरवरचा टिलवा दुर्बिणीतून एकोणीस मीटरवर आल्यासारखा दिसत होता, ३० पटीत तो पाच मीटरवर येतो. पाच मीटरवरच्या चिमणीच्या पायाचा रंग कुणालाही दिसतो.

आणि आता ती गोष्ट जी मला कुठल्याच जाहिरातीत दिसली नाही, आपल्या मराठवाड्याचं ऊन. पुण्यातल्या एका मित्राचा भारीतला ८० मिलिमीटरचा स्कोप घेऊन आम्ही एप्रिलमध्ये पैठणच्या बाजूला पाण्यावर बसलो होतो. सकाळी सात वाजता ६० पटीवर शेकाट्याच्या डोळ्याचा लाल रंग दिसत होता. साडेनऊला त्याच स्कोपातून तोच पक्षी पाण्यात विरघळत चालल्यासारखा, सगळं लटपट लटपट. स्कोप तोच, काच तीच. जमीन तापली की तिच्यावरची हवा गरम होऊन वर निघते, गरम आणि गार हवेतून उजेड वेगवेगळा वाकतो, आणि झूम जेवढं जास्त तेवढी ती लटपट पण मोठी होऊन दिसते. म्हणजे दीड लाखाचा स्कोप असला तरी आपल्याकडं फेब्रुवारीनंतर नऊच्या पुढं ६० पट वापरताच येत नाही, २०-२५ वरच बघावं लागतं. हे कळल्यावर माझा जीव हलका झाला, खरंच सांगतो, कारण जे वापरताच येणार नाही त्याला पैसे कशाला मोजायचे.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली तर ती म्हणाली, "मामा, तुम्ही ज्याला वैतागायलात ना, आमचे सर तेच बघायला शिकवायलेत." नेमबाजांना हे मृगजळ कामाला येतं. आधी टार्गेटवर फोकस करायचा आणि मग फोकसचं चाक थोडं फिरवून टार्गेटच्या अलीकडची हवा स्पष्ट करायची, की त्या लाटा वाहताना दिसतात. डावीकडून उजवीकडं वाहत असतील तर वारा डावीकडून आहे, गोळी उजवीकडं ढकलली जाणार. सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही. झेंडे असतातच पण झेंडा जिथं लावलाय तिथलंच सांगतो, हे गोळीच्या वाटेवरचं सांगतं. त्या दिवशी ती तासभर मला हेच समजावत होती आणि मी ऐकत होतो, लहानपणी हिला मी बोट धरून सलीम अली सरोवरावर बगळे दाखवले होते.

बरं, सरळ घ्यायचा का वाकडा. सरळ म्हणजे नळीच्या रेषेतच डोळा लावायचा, वाकडा म्हणजे मागचा भाग ४५ अंशात वर वळलेला. सरळमध्ये पक्षी लवकर सापडतो, हे खरं आहे, नवीन माणसाला वाकड्यातून पक्षी धरायला दोन-तीन दिवस लागतात. पण आम्ही वाकडाच घेतला आणि त्याचं कारण भाची. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, एकदा शरीर जमलं की हलवायचं नसतं. वाकड्या स्कोपची नळी तिच्या कड्यात फिरवता येते, मग आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बाजूला वळवून डोळ्याजवळ आणून ठेवायचं, मान जराशी वळवली की भोक दिसतं, कोपर जागचं हलत नाही. नीलिंग आणि स्टँडिंगला फक्त स्टँड वर घ्यायचा. मला फायदा असा झाला की स्टँड उंच करावा लागत नाही, आणि शाळेतली पोरं घेऊन गेलो की सहावीतलं पोरगं आणि मी एकाच उंचीवर बघू शकतो. घेताना ते कडं फिरतंय ना आणि स्क्रू घट्ट बसतोय ना एवढं बघून घ्या, सगळ्यात फिरत नाही.

आमच्या यादीत कोण होतं ते पण सांगतो. सेलेस्ट्रॉनची अल्टिमा, तिच्यात ६५ ला १८-५५ झूम आणि ८० ला २०-६०. एसव्हीबोनीची एसव्ही२८, ती ५०, ६०, ७० अशा मापात येते. निकॉन, व्होर्टेक्स वगैरे आमच्या आवाक्याच्या वर गेले. कोवा, स्वारोव्हस्की हे तर वेगळंच जग. शेवटी कुठला घेतला ते लिहीत नाही, कारण तुम्हाला मिळेल त्या आठवड्यात भाव वेगळा असेल, मॉडेल वेगळं असेल, माप मात्र सांगतो, ६५ चा वाकडा. ८० चा जास्त उजळ असतो यात शंका नाही पण वजन वाढतं, वजन वाढलं की स्टँड भारी लागतो, आणि आमचं बजेट तिथंच फुटत होतं. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, दाजींनी आधी तो धरलाच नव्हता.

हातात आल्यावर काय तपासायचं. दुकानाच्या बाहेर या, लांबच्या विजेच्या तारेवर किंवा टॉवरवर आभाळाच्या बाजूनं फोकस करा, काठाला जांभळी-हिरवी किनार किती दिसते बघा. थोडी दिसणारच, ती घालवायला ईडी काच लागते आणि ती या किमतीत सहसा नसते, पण २० पटीवर जर ठळक दिसत असेल तर दुसरा नग मागा. मग फूटभर मागं सरून आयपीसमधला उजेडाचा ठिपका बघा, पूर्ण गोल पाहिजे, कडा कापल्यासारख्या चौकोनी करड्या दिसल्या तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे. बीएके४ (प्रिझमच्या चांगल्या काचेचं नाव) लिहिलेलं असेल तर चांगलं. फुली मल्टीकोटेड, म्हणजे सगळ्या काचांवर उजेड परतू न देणारे अनेक थर, असं लिहिलंय का फक्त कोटेड, यात मोठा फरक आहे. चष्मा असेल तर चष्मा घालूनच बघा, मला चष्मा आहे आणि दोन स्कोपांत पूर्ण गोल दिसतच नव्हता, मध्यातलाच तुकडा दिसायचा. जुना घेत असाल तर टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टँडबद्दल मी सगळ्यात जास्त कळकळीनं लिहितोय. वीस हजारातले सहा हजार आम्ही स्टँडला घातले आणि दाजींना ते आधी पटलं नव्हतं, "तीन काठ्यांचे सहा हजार?" असं म्हणाले. स्कोपबरोबर फुकट येतो तो वीतभर स्टँड टेबलावर ठेवायला ठीक, रेंजवर जमिनीवर ठेवून भाचीला प्रोनमध्ये चाललाही. पण धरणाच्या काठावर वारा असतो, मोबाईलच्या फोटोसाठीच्या हलक्या ट्रायपॉडवर ३० पटीत चित्र इतकं थरथरतं की पाच मिनिटांत डोकं दुखतं. जाड पायाचा, व्हिडिओवाल्यांसारखं दांडा असलेलं हेड, गोळ्यावर फिरणारं बॉल हेड नको, ते पक्ष्याच्या मागं मागं फिरवता येत नाही. मधला खांब वर काढायचा नाही, आणि खांबाच्या हुकाला पाण्याची बाटली भरलेली पिशवी टांगायची. एवढं केलं आणि तोच स्कोप दुसराच वाटायला लागला. दाजींना मी दोन्हीवरून दाखवलं, तेव्हापासून ते काही बोलले नाहीत.

धुळीचं मात्र सांभाळा, आपली काळी माती सुकली की पिठासारखी उडते. काच रुमालानं पुसायची नाही, आधी फुग्यानं हवा मारून धूळ उडवायची आणि मगच मऊ कापड.

दिवाळीत घेतला, नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्यांदा जायकवाडीला नेला. १९८६ पासून हे अभयारण्य आहे पण आपल्या भागातली किती माणसं धरण बघून, २७ दरवाजे मोजून परत जातात, पाण्याकडं बघतच नाहीत. त्या दिवशी लांबच्या काठावर पट्टकादंब हंस बसले होते, हिमालय ओलांडून आलेले. मंगोलियात काही हंसांच्या मानेत क्रमांकाची कॉलर घालून सोडतात आणि तसले हंस भारतात सापडल्याच्या नोंदी आहेत, म्हणून मी एकेका मानेवरून स्कोप फिरवत गेलो. ६२ माना बघितल्या. कॉलर एकाही मानेत नव्हती. पण डोक्यावरचे दोन काळे पट्टे, त्यातल्या एकाचा झोपेत मिटलेला डोळा, चोचीला लागलेला चिखल, हे सगळं २५ पटीत आणि साडेआठच्या आत. टिलवे पण होते. सात टेमिंकचे, बाकी छोटे, आणि वहीत तसं लिहिलं.

सध्या भाचीचा सराव रोज चालू आहे म्हणून स्कोप सोमवार ते शनिवार तिच्याकडं असतो. शनिवारी संध्याकाळच्या बसनं दाजी तो पैठणला पाठवतात, रविवारी रात्री मी परत पाठवतो. हंस मार्चपर्यंत आहेत, म्हणजे माझ्या हातात अजून सहा रविवार आहेत आणि बघायच्या बऱ्याच माना राहिल्यात.