अमळनेर ते भुसावळ : सव्वीस जण, एक डफ

थंडीत डफाचं कातडं सैल पडतं, हे आमच्या फुटबॉल संघाचा सामना बघायला भुसावळला जाताना आम्हाला गाडीत कळलं. अमळनेर सुटलं तेव्हा नुसता ढप्प-ढप्प, धरणगाव गेलं तरी तेच. शेवटी भुसावळला मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेकायचं ठरलं. चहावाला म्हणाला, "आधी दहा कटिंग घ्या रे भो, मग शेका." घेतले. डफ भट्टीवर एका जागी धरायचा नसतो, गोल फिरवत राहायचा आणि मधून मधून टिचकी मारून ऐकायचं. ठण्ण वाजला की काढायचा. आमचा वाजवणारा टिचकी ऐकण्यात एवढा रमला की फिरवायचंच विसरला. कडेला तळहाताएवढा काळा डाग पडला, तो अजून आहे.

आम्ही म्हणजे 26 जण, त्यात 4 मुली, आणि खेळायला गेलेली पोरं वेगळी. गल्लीतला संघ आहे. कोच म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेले एक काका, शिट्टीही त्यांचीच. खान्देशात रविवारचं मैदान टेनिस बॉलच्या क्रिकेटचं. फुटबॉलवाल्यांना कोपरा मिळतो, तोही सकाळी सातच्या आत. कोल्हापूरकर हे वाचून हसतील, कारण तिथे पाटाकडील तालीम मंडळाच्या संघाचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. आमच्याकडे एखाद्या सामन्याला 50 माणसं जमली तरी त्यातली निम्मी पोरांना घरी न्यायला आलेली असतात.

जायच्या आठवडाभर आधी निरोप आला की एक 'भावी नगरसेवक' 40 टी-शर्ट फुकट द्यायला तयार आहेत. पुढे संघाचं नाव, पाठीवर त्यांचा फोटो. यावर दोन दिवस भांडण झालं. अर्ध्यांचं म्हणणं, फुकट मिळतंय तर घ्या, पाठ कोण बघतं? मी नको म्हणणाऱ्यांत होतो. इंग्लंडमध्ये 2005 साली मँचेस्टर युनायटेड हा क्लब नव्या मालकाच्या हाती गेला म्हणून चिडलेल्या समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचाच क्लब उभा केला. आमच्याकडे विकत घेण्यासारखं काही नाही, पण आज पाठ दिली तर उद्या घोषणाही त्यांच्याच द्याव्या लागतात, हे गणपती मंडळात पाहिलेलं होतं. माणशी 50 रुपये काढले आणि घरची एक जुनी डबलबेडची चादर रंगवली. जाणाऱ्यांना सांगतो, चादरीवर ऑइल पेंट वापरू नका. तो वाळत नाही, आणि घडी घातली की अक्षर अक्षराला चिकटतं. भुसावळला चादर उलगडली तर 'अमळनेर'मधला 'ळ' फाटून अर्धा राहिला होता.

गाडीचं म्हणाल तर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूच्यांना सुरत-भुसावळ मार्ग सोयीचा. जनरलचं तिकीट मोबाईलवर काढून ठेवा, सकाळी खिडकीवर रांग असते. धुळेकरांनी रेल्वेच्या नादी लागू नये. धुळ्याची लाइन फक्त चाळीसगावला जाते, त्यापेक्षा पारोळा, एरंडोलमार्गे जळगावपर्यंत एसटी बरी. तिथून भुसावळ रेल्वेने जेमतेम अर्धा तास. डफ गाडीत वाजवायचा असेल तर आधी डब्यातल्या बायकांना विचारा. त्या हो म्हणाल्या तर बाकी कोणी बोलत नाही.

भुसावळ रेल्वेचं गाव, त्यामुळे तिथल्या फुटबॉलला रेल्वेचा वास आहे. शेजारी बसलेले एक निवृत्त गार्ड साठच्या दशकाच्या गोष्टी सांगत होते. रेल्वेच्या संघाने तेव्हा संतोष ट्रॉफी ही राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा तीनदा जिंकली: 1961-62, 1964-65 आणि 1966-67. मधल्या 1963-64 ला महाराष्ट्र जिंकला, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण आमचे तीन." मैदान कडक, धुरळ्याचं. घसरून टॅकल केलं की गुडघा सोलतो, म्हणून खेळणाऱ्यांनी लांब मोजे आणि पट्ट्या न्याव्यात. बघणाऱ्यांनी टोपी आणि पाणी घरूनच आणावं. अशा मैदानांवर मुलींसाठी स्वच्छतागृह मिळेलच असं नाही. आमच्या मुली स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात जाऊन आल्या, तेवढ्यात पूर्वार्ध संपला.

सामना साडेतीनचा होता. प्रमुख पाहुणे पाचला आले. हार, नारळ, दोन भाषणं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत बुडतो, हे संयोजकांना कोण सांगणार? तोवर आम्ही घोषणा देऊन घसा बसवला होता. आमची अहिराणी: "कोना शे? आम्हना शे!" समोरचे हिंदीत सुरू करायचे आणि चिडले की लेवा बोलीवर यायचे. शिव्या दोन्हीकडून झाल्या, पण आई-बहिणीवरून नाही. हे आम्ही गाडीतच ठरवलं होतं आणि त्यांनीही, का कोण जाणे, पाळलं.

1-1 झालं आणि थेट टायब्रेकर. तेव्हा चेंडू नीट दिसत नव्हता. कोणीतरी दोन मोटारसायकलींचे दिवे गोलपोस्टवर टाकले आणि आमच्या गोलीचे डोळेच दिपले. चौथ्या पेनल्टीला तो डावीकडे झेपावला, चेंडू त्याच्या पायांवरून सरळ मधून गेला. आम्ही 4-3 ने हरलो. काका त्याच्या खांद्यावर हात टाकून एवढंच म्हणाले, "पुढला टाईमले देखी लिसूत."

चादर गुंडाळत होतो तर समोरचे चार-पाच जण आले. म्हटलं, आता वाजतंय. तर म्हणाले, मळ्यात भरीत आहे, चला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी लांबट वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली. त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, वर शेंगदाणे. केळीच्या पानावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. सगळे जमिनीवर बसलो, आणि त्यांच्यातला ज्याने मला सर्वांत जास्त शिव्या घातल्या होत्या, तोच आग्रह करून वाढत होता. थंडीत गेलात तर हे आमंत्रण नाकारू नका. फक्त हात धुण्याआधी परतीची गाडी बघा. आमची साडेआठची गेली, पुढची रात्री उशिरा होती, आणि भुसावळच्या फलाटावर डिसेंबरात काय थंडी पडते ते सांगवत नाही.

मधल्या वेळात चादर कामी आली. सहा जण तिच्याखाली बसलो. ऑइल पेंटचे डाग सगळ्यांच्या स्वेटरला लागले. माझ्या पाठीवर आता उलटा 'अ' आहे.