सही तिची लागते

नॉर्वेत आले तेव्हा वाटलं होतं की निदान इथे तरी बाईला बॉस मानायचं की नाही हा विषय संपला असेल, कारण 2003 सालीच यांनी कायदा केला की पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या बोर्डावर साधारण 40 टक्के तरी बायका हव्यात, आणि 2008 पर्यंत तो पाळला नाही तर कंपनी बंद करण्यापर्यंत तरतूद होती. पण तो नियम बोर्डाचा. रोजच्या मिटिंगला तो कुठून पुरणार?

गेल्या महिन्यात एका सप्लायरची दोन माणसं आली होती. टीम माझी, बजेट माझं, मिटिंगचं बोलावणं माझ्या नावाने गेलेलं, तरी दोघं सरळ माझ्या टीममधल्या वयाने मोठ्या इंजिनिअरकडे गेले आणि कोटेशन त्याच्यासमोर ठेवलं. मी आकडा विचारायचा आणि त्यांनी उत्तर त्याच्याकडे बघून द्यायचं, असं तीनदा झालं. शेवटी त्यानेच कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "सही तिची लागते, तिला सांगा." मला बरं वाटलं खरं, पण घरी जाताना डोक्यात तेच घोळत होतं की मी तिथे बसलेली असताना हे त्याला सांगावं लागलं.

व्हर्जिनिया शाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1973 मध्ये पुरुष मॅनेजरांकडून माहिती घेतली होती, पुरुष कसे असतात, बायका कशा असतात आणि यशस्वी मॅनेजर कसा असतो, तर मॅनेजरचे गुण पुरुषांच्या गुणांशी जास्त जुळले. 1975 मध्ये तेच त्यांनी बायका मॅनेजरना विचारलं, आणि त्यांच्याही मनातलं चित्र तसंच निघालं! हे वाचून मी थांबलेच, कारण मागच्या वर्षीच्या रिव्ह्यूत मी स्वतः एका मुलीबद्दल लिहिलं होतं, "काम उत्तम, पण थोडी आक्रमक आहे, सगळ्यांना सांभाळून घ्यायला शिकावं." आणि तिच्याच शेजारी बसणारा, तिच्यासारखाच तोंडावर बोलणारा मुलगा, त्याच्या फॉर्ममध्ये मी "ठाम, लीडरशिपचे गुण" लिहिलेलं. दोन्ही फॉर्म मी एकाच दुपारी भरले होते.

मग यंदा रिव्ह्यूच्या दिवशी तिला बसवून सगळं सांगितलं, दोन्ही शब्दांसकट (त्याचं नाव न घेता), आणि चूक माझी होती असंही सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, आधीच्या दोन्ही कंपन्यांत पण हाच शब्द होता.