तारखेचा रिकामा रकाना

मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्या मिळून अडीच तास लागले असतील. सांगितलं तिथंच मी काम केलंय आणि एका वेळी एकच नोकरी केलीय, हे पटवून देण्यात त्यानंतरचे सात आठवडे गेले. अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकतोय. डेस्कटॉप सपोर्टमधून, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर चालू ठेवायच्या कामातून, मोठ्या कंपनीत उडी मारायचा कुणाचा विचार असेल, तर त्यानं राजीनामा टाकायच्या आधी हे वाचावं.

डिप्लोमा झाल्यावर २०१७ साली चाकणच्या एका कारखान्यात डेस्कटॉप इंजिनिअर म्हणून चिकटलो. जुलै २०१९ पासून भोसरीतली मध्यम आकाराची कंपनी. तीनशे युजर आणि आयटी म्हणजे मी आणि एक सिनियर. टोनर बदलणं, सर्व्हरचा बॅकअप, सीसीटीव्हीचं फुटेज, मालकांच्या मुलीचा लॅपटॉप, सगळं आमच्याच गळ्यात. शिकायला भरपूर मिळालं, पगार मात्र होता तिथंच बसून राहिला. २०२४ उजाडल्यावर ठरवलं, आता हिंजवडीतली मोठी आयटी कंपनी.

पहिल्या मुलाखतीत तोंडावर आपटलो. "मेल सर्व्हर अडकलाय, काय कराल?" म्हटलं, "रिस्टार्ट मारीन." "चेंज, म्हणजे हा बदल, कुणी अप्रूव्ह केला?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "आमच्याकडे सरांना फोन केला की झालं." मुलाखत घेणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. मग आयटीआयएल फाउंडेशन केलं, म्हणजे आयटीचं काम शिस्तीत कसं चालवायचं याचं सर्टिफिकेट. ४० प्रश्न, एक तास, २६ बरोबर आले की पास. परीक्षा अवघड नाही, पण इन्सिडंट (झालेला बिघाड) कशाला म्हणायचं आणि प्रॉब्लेम (त्यामागचं मूळ कारण) कशाला, ही मोठ्या कंपनीची बोलीभाषा तोंडात बसते.

जिथं काम झालं, तिथं प्रश्न माझ्या रोजच्या जगण्यातला आला: एकाच युजरचं अकाउंट दर थोड्या वेळानं लॉक होतंय, कसं शोधाल? डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, ४७४० नंबरचा इव्हेंट (नोंद) बघायचा, त्यात कोणत्या मशीनवरून चुकीचा पासवर्ड येतोय ते नाव मिळतं. नाव मिळूनही उलगडा झाला नाही, तर साहेबांच्या घरी ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या फोनमध्ये जुना पासवर्ड आहे का ते विचारायचं. हे सांगताना मीच रंगात आलो. आठवड्याभरात ऑफर आली. भोसरीत राजीनामा दिला, साठ दिवसांची नोटीस काढत बसलो. इथवर सगळं छान.

शेवटचे दोन आठवडे उरले असताना, नव्या कंपनीसाठी माझ्या जुन्या नोकऱ्या तपासणाऱ्या पडताळणीवाल्यांचा मेल आला. वरच लाल अक्षरांत 'डिस्क्रिपन्सी', म्हणजे तफावत. पीएफच्या रेकॉर्डनुसार माझी २०१७ ची नोकरी अजून चालूच होती! म्हणजे पाच वर्षं मी चाकण आणि भोसरी दोन्हीकडे एकाच वेळी राबतोय. वर चाकणच्या नोकरीसमोर कंपनीचं नावही भलतंच. तीन कामाच्या दिवसांत खुलासा करा.

नावाचा घोळ माझाच. कारखान्यात बसायचो खरा, पण पगार पिंपरीतल्या एका कंत्राटदाराच्या पेरोलवर. सीव्हीत मात्र रुबाबात कारखान्याचं नाव लिहिलेलं. सपोर्टमधली अर्धी पोरं असंच लिहितात. लिहू नका. मालक म्हणून पेरोलवाल्याचं नाव आणि खाली 'नेमणूक अमुक ठिकाणी', एवढंच. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, सगळ्यावर त्याचंच नाव असतं. पीएफमध्येही तेच.

तारखेचा घोळ मात्र माझा नव्हता. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी नावाचं पान आहे. तिथं प्रत्येक नोकरीसमोर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. कंत्राटदारानं सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. रकाना रिकामा. मी हे पान त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. २०२२ मध्ये मूनलायटिंगवरून (एका वेळी चोरून दोन नोकऱ्या करण्यावरून) गदारोळ झाल्यापासून मोठ्या कंपन्या हा रकाना भिंगातून बघतात, हेही तेव्हाच कळलं.

कंत्राटदाराला फोन केला. "दादा, करून टाकतो उद्या." उद्या गेला, परवा गेला. मग, "आमची डिजिटल सही एक्सपायर झालीय." मग फोन उचलणंच बंद. पिंपरीला गेलो, तर ऑफिसच्या जागी गाड्यांचे विमे काढणारा एजंट बसलेला. त्यानं चहा पाजला, नवा पत्ता दिला. नव्या पत्त्यावर अकाउंट्समधले काका भेटले. म्हणाले, "साहेब गावाला गेलेत, यात्रा आहे." मला इथं नोकरी जायची वेळ आली होती आणि साहेब पालखी उचलत होते.

एव्हाना भोसरीतला शेवटचा दिवस उलटला. लॅपटॉप, आयकार्ड जमा. नव्या कंपनीनं जॉइनिंग 'पडताळणी पूर्ण होईपर्यंत' पुढं ढकललं. घरी बसलेला बघून बाबांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "सोडलीस की काढलं तुला?"

तोडगा जुन्या मित्राच्या एका वाक्यात निघाला: "अरे, ती तारीख तू स्वतः टाकू शकतोस." जानेवारी २०२० पासून ही सोय आहे. नोकरी सोडून दोन महिने झाले की पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट'. इतके दिवस कंत्राटदाराच्या दारात उभा होतो आणि किल्ली माझ्याच खिशात. एवढंच की ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. माझ्या आधारला २०१८ मध्ये बंद पडलेला नंबर!

मग पोस्टातलं आधार केंद्र. टोकन ३८, चालू होतं ११. नंबर बदलायला कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे आणि तेव्हाचे ५० रुपये. माझा अंगठा दोनदा उमटला नाही. बाईंनी ओल्या फडक्यानं पुसून दिला, तिसऱ्यांदा उमटला. नंबर चढायला पाच दिवस लागले.

तारीख टाकायला बसलो, तर पोर्टल पीएफची शेवटची वर्गणी ज्या महिन्याची जमा झाली, त्याच महिन्यातली तारीख घेतं. रिलीव्हिंग लेटरवर ५ जुलै आणि त्या पाच दिवसांचा पीएफ कंत्राटदारानं गिळलेला. म्हणून ३० जून टाकली. कारणाच्या यादीत 'सेसेशन, शॉर्ट सर्व्हिस' (थोड्या काळाची नोकरी संपली) निवडलं. तेव्हा एकदा दाबलं की आपल्याला परत बदलता येत नव्हतं, म्हणून बटणावर बोट ठेवून मिनिटभर तसाच बसलो. पाच दिवसांच्या फरकाचा खुलासा साध्या मराठी माणसाच्या इंग्रजीत चार ओळींत लिहिला, सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि जूनची स्लिप जोडली. तो पडताळणीवाल्यांनी एका दिवसात मान्य केला. पगाराच्या स्लिपा पीडीएफमध्ये स्वतःच्या मेलवर ठेवत जा, कंपनीच्या मेलवर नाही. ही अक्कल मला २०१७ मध्येच कशी आली होती, देव जाणे.

एक सांगायचं राहिलं. सीव्हीत 'आयटीची सर्व कामं' असं लिहू नका. मोठ्या कंपनीला सर्व कामं करणारा नको असतो. लॅपटॉपवाला, नेटवर्कवाला, क्लाउडवाला असे वेगवेगळे रांगेत उभे असतात. मी सीव्हीतून टोनर आणि सीसीटीव्ही उडवले, तीनशे मशीन विंडोज टेनवर कशी नेली तेवढंच ठेवलं, तेव्हा फोन यायला लागले.

जॉइन झालो. इथं साधा माऊस बदलायलाही तिकीट (सिस्टीममध्ये नोंदवलेली मागणी) लागतं, ते तीन जणांकडून फिरून येतं. पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, आता मीच लोकांना विचारतो, "तिकीट काढलंय का?"

तीन महिने झाल्यावर एका रविवारी सहज सर्व्हिस हिस्टरी उघडली. भोसरीच्या कंपनीपुढचा रकाना रिकामा. ओटीपी या वेळी दहा सेकंदांत आला. तारीख टाकली, स्क्रीनशॉट काढला आणि जेवायला बसलो.