ड्रेनचं पाणी फिरवताय? आधी सोडियम बघा

सध्या पॉलिहाऊसवाल्यांच्या ग्रुपवर जो तो क्लोज्ड लूपच्या मागे लागलाय. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगेतून साधारण २०-३० टक्के पाणी खाली गळतं, त्यात महागडं खत असतं, ते गोळा करायचं, रोगजंतू मारायला यूव्ही, म्हणजे अतिनील किरण मारायचे, परत ड्रिपला सोडायचं. कल्पना एक नंबर आहे, प्रश्नच नाही, पण विकणारे लोक "सर, झिरो डिस्चार्ज", म्हणजे थेंबभरही पाणी बाहेर सोडायचं नाही, असं म्हणतात ना, तिथे माझं डोकं फिरतं.

कारण झाड पाणी उचलतं, नायट्रेट उचलतं, पोटॅश उचलतं, सोडियम मात्र फारसं उचलत नाही, आणि बोअरच्या पाण्यातून ते रोज थोडंथोडं येतच असतं. मग फिरवून फिरवून ते टाकीत साठतं. यूव्हीने पिथियमसारखी बुरशी मरते, मीठ कुठे मरतंय? गंमत म्हणजे ईसी मीटरवर, जो पाण्यातले एकूण क्षार मोजतो, सगळं ठीक दिसतं. मीटर २ दाखवतो, आपण खूश, पण त्या २ मधलं खत किती आणि मीठ किती हे तो बिचारा सांगतच नाही. त्यासाठी लॅबमधून सोडियम, क्लोराईड वेगळं तपासून घ्यावं लागतं, दुसरा इलाज नाही.

यूव्हीचंही एक आहे, पाणी काचेसारखं स्वच्छ पाहिजे. कोकोपीटचं ड्रेन सुरुवातीला चहाच्या रंगाचं येतं, त्यातून किरण आरपार जातच नाहीत, वर चिलेटेड आयर्नही (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह) थोडं तुटतं. त्यापेक्षा स्लो सँड फिल्टर मला आवडतो, नुसती वाळू आणि वरचा जिवाणूंचा थर, काम हळू चालतं, जागा खातो, पण फायटोप्थोरासारखी मूळकुजीची बुरशीसुद्धा अडवतो.

नेदरलँड्सवाले यात आपल्या कितीतरी पुढे, तरी तिकडेही सगळा खेळ पावसाच्या पाण्यावरच आहे. ग्रीनहाऊसच्या छपराचं पाणी साठवायला हेक्टरी किमान ५०० घनमीटरचं तळं लागतं, आणि २०१८ पासून बाहेर सोडायच्या पाण्यातलं किमान ९५ टक्के कीटकनाशक काढावं लागतं. म्हणजे सोडावं लागतं हे त्यांनीही धरलंयच की!

आपल्याकडे हिशोब सोपाय. १० गुंठ्यांचं छप्पर म्हणजे हजारेक चौरस मीटर, ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७ लाख लिटर, जवळपास सोडियम नसलेलं पाणी, फुकट. गटर आहेच, फक्त पाईप शेततळ्यात न्यायचा, तळ्याला प्लास्टिक अस्तर, आणि बोअरच्या पाण्यात हे मिसळत जायचं. आरओ लावला तरी त्यातून बाहेर पडणारं खारं पाणी, म्हणजे रिजेक्ट, कुठे टाकणार, तो वेगळाच ताप.

आणि शेवटी जे पाणी काढून टाकावंच लागतं ते काळ्या रानात एकाच जागी ओतू नका, जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट आणि निचरा न होणारी होते. बांधावरच्या नारळांना आलटून पालटून द्या, नारळ खारट पाणी बऱ्यापैकी सोसतो आणि त्यातलं उरलेलं नत्रही खातो.