कुंती कोणी मारली?

वाघोलीच्या पुढच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा मे महिन्यात फोन आला. "मॅडम, तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी हव्यात. शेजारच्या प्लॉटवाल्यानं आपल्या हेजवर तणनाशक मारलंय, एवढंच लिहा. खाली सही-शिक्का." पोलीस चौकीत द्यायचा अर्ज तयार होता, त्याला जोडायला हवं होतं. मी बागांची कामं घेते. लॉन, हेज, ठिबक, कुंड्या. माझ्या लेटरहेडवर आजवर कोटेशनं निघाली आणि थकलेल्या बिलांच्या आठवणी. पोलिसांत जाण्याइतकी त्याची पत वाढली म्हणून बरं वाटायला हवं होतं. म्हटलं, आधी बघते, मग लिहिते.

हेज आमचीच होती. सोसायटीची बाग आणि शेजारचा बंगला यांच्या मधोमध कुंतीची, म्हणजे सुवासिक फुलांच्या झुडपांची, रांग. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून त्यात पोयटा, शेणखत आणि निंबोळी पेंड भरली होती. मृगाचा पाऊस नीट बसल्यावर दोन ओळींत, एकाआड एक अशी रोपं लावली होती. ती जगली म्हटल्यावर वीतभर ठेवून सरसकट कापली, तेव्हा हेच काका भडकले होते. पैसे मोजून आणलेली रोपं कापता? पण शेंडा उडवल्याशिवाय खालचे डोळे फुटत नाहीत. हेज उंच होऊ द्यायची आणि मग वरून सपाट करायची, ही हौस सगळ्यांनाच असते. दोन वर्षांनी वर छत्री आणि खाली नुसत्या काटक्या उरतात, त्यातून मांजरच काय, माणूसही आरपार जातो. आमची कुंती तळापासून गच्च भरली होती. खाली रुंद, वर किंचित अरुंद ठेवून कापत होतो, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. पावसाळ्यात फुलली की काका स्वतः फोन करून सांगायचे, वास थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो म्हणून.

त्या दिवशी सकाळी मी आणि आमचे मामा पोचलो. मामा मूळचे परभणीकडचे, हातात कात्री नसली तर अस्वस्थ होणारे. कमिटीची चारपाच मंडळी आधीच उभी होती. एकाने मोबाईलवर फोटो दाखवला: शेजारचे गृहस्थ संध्याकाळी पाइप धरून कुंपणाशी उभे. पुरावा म्हणे. शेजाऱ्याला तिथे भिंत बांधायची होती, सोसायटीने हरकत घेतली होती, तेव्हापासून बोलणं बंद. त्यामुळे हेज वाळली म्हटल्यावर गुन्हेगार कोण हे आधीच ठरलेलं होतं. माझ्याकडून फक्त हत्याराचं नाव हवं होतं.

हेजचं एक टोक पार गेलं होतं. त्यापुढे पानं करपलेली, मग थोडी पिवळट, आणि पुढे निम्मी रांग हिरवीगार. हा उतार मला पहिल्यांदा खटकला. फवारा मारणारा माणूस इतका बेताबेतानं, एका टोकाकडून दुसरीकडे कमी कमी होत जाईल असा मारत नाही. करपणंही आधी जुन्या पानांच्या टोकाला आणि कडेला होतं. ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानांवर पडलं तर आधी कोवळी पालवी बिघडते, पानं बारीक, आखडलेली येतात. इथे शेवटी शेवटी आलेली पालवी सरळ होती.

मामांनी खाली वाकून मेलेल्या हेजखालची घोळ उपटली आणि माझ्या हातात दिली. चांगली मांसल, तरारलेली घोळीची भाजी. "ताई, तणनाशक मारलं अन् घोळ ऱ्हायली?" बाजूला हरळीही होती. हेज मारणारं आणि तण पोसणारं तणनाशक अजून बाजारात यायचंय. कमिटीतले एक जण म्हणाले, मग अ‍ॅसिड असेल. वॉचमनकडून बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड मागवलं आणि मेलेल्या टोकाच्या मातीवर चार थेंब टाकले. फेस आला. हिरव्या टोकाकडेही आला. इकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते, ती अ‍ॅसिडला फसफसते. बादलीने अ‍ॅसिड ओतलं असतं तर तो चुना आधीच संपला असता. हे मी सांगितलं, पण फेस बघून निम्म्या लोकांना उलटच खात्री पटली. असो.

मग खणलं. मुळांना वाळवी नव्हती, सालीखाली मातीच्या नळ्या नव्हत्या, कुजका वासही नव्हता. पण माती विचित्र होती. वर पांढुरकी पापुद्र्यासारखी खपली आणि खाली, मे महिन्यात, ओल. ओली माती लापशीसारखी चिकट आणि वाळलेलं ढेकूळ पहारेनेही फुटेना. पाणी आहे, मुळं आहेत, आणि झाड तहानेनं मेलंय. माझ्या मनात एकच शब्द आला, पण नुसत्या शब्दावर सही होत नाही. काकांच्या घरून आरओचं पाणी मागवलं (बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, त्याने काही कळलं नसतं), दोन बाटल्यांत दोन टोकांची माती सारख्या मापाने कालवली, गाळ बसू दिला आणि टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेन बुडवला. हिरव्या टोकाचा आकडा साधारण होता. मेलेल्या टोकाचा त्याच्या दहापटीहून वर गेला.

मीठ.

"बघा!" काका म्हणाले. "म्हणजे तो मीठ टाकतो!"

शेजाऱ्याने रोज संध्याकाळी कुंपणाला मिठाचा नैवेद्य दाखवला असता तरी एवढं झालं नसतं. ओल कुठून येते हे शोधायचं होतं. मेलेल्या टोकाला लागूनच सोसायटीची पंपरूम. वॉचमन इतका वेळ गप्प उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, मशीन धुतं ना रात्री, ते पाणी याच चेंबरला येतं." चेंबरचं झाकण काढलं. बाजूच्या विटांचा सांधा उघडा, पाण्याचा अर्धा लोट नळीत आणि अर्धा सरळ आमच्या चरात. पंपरूमचं दार उघडलं तर आत मिठाच्या गोण्यांची थप्पी छतापर्यंत.

बोअरचं पाणी जड म्हणून सोसायटीने सॉफ्टनर बसवला होता. बादल्यांवर, गिझरवर पांढरे थर बसतात ना, ते त्याने थांबतात. त्यातलं रेझिन, म्हणजे बारीक मण्यांचा थर, पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. रेझिन भरलं की ते मिठाच्या दाट पाण्याने धुवावं लागतं. ते धुवण रात्री जायचं ते कुंतीच्या मुळाशी. सोडियम काळ्या मातीत शिरला की मातीचे कण सुटे होतात, पोकळी बुजते, पाणी मुरत नाही. त्यात कुंती मिठाला नाजूक. गोण्यांच्या पावत्यांवर सही कोणाची, हे मी विचारलं नाही. काकांनी स्वतःच चष्मा काढून पुसायला घेतला.

मिठापायी कुंपण लावल्याचं उदाहरण इतिहासात आहे, तेही आठवलं. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी उत्तरेत सिंधूपासून खाली बुऱ्हाणपूर आणि पुढे पूर्वेकडे शेकडो मैल जकातीची रेषा आखली. तिच्यावर बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांचं जिवंत कुंपण वाढवलं. ते वाढवण्यात पुढाकार होता अ‍ॅलन ह्यूम यांचा, जे पुढे १८८५ साली मुंबईत काँग्रेसच्या स्थापनेत होते. १८७९ मध्ये ती रेषा मोडली. कमिटीला हे सांगायचा मोह झाला, पण वातावरण तसं नव्हतं.

मी म्हटलं, पलीकडूनही बघायला हवं. काकांना ते जड गेलं, तरी फाटकाशी जाऊन त्यांनी "जरा आत येऊ का?" विचारलं. शेजारचे गृहस्थ आधी दारातच उभे राहिले. मग मागे घेऊन गेले. त्यांचं लिंबू वाळत चाललं होतं, पानांच्या कडा तशाच करपलेल्या. रोज संध्याकाळी ते पाइप घेऊन त्यालाच पाणी घालत होते, फोटो त्याचाच. "मला वाटलं तुम्ही लोक हेजवर काहीतरी फवारता," ते म्हणाले. "मी पण अर्ज लिहून ठेवलाय." कोणीच हसलं नाही. काकू आतून पाणी घेऊन आल्या, सगळ्यांनी घेतलं.

पुढचं काम सरळ होतं. धुवणाची नळी चेंबर टाळून ड्रेनेजला जोडून घेतली. हे आधी, कारण गळती चालू असताना बाकी सगळं वाया. मग मेलेली झाडं काढून चर मोकळा केला, जिप्सम मिसळलं आणि पाणी नाल्याकडे वाहून जाईल असा उतार दिला. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतं, म्हणजे मशीन पाण्याला जे करतं त्याच्या उलट. पण हुसकलेला सोडियम धुऊन बाहेर गेला पाहिजे, त्याला भरपूर गोडं पाणी लागतं. म्हणून पावसाळा त्यातच घालवला. काकांना तेवढ्या भागात पुन्हा कुंतीच हवी होती, वासासाठी. मी नाही म्हटलं.

तिथे कोयनेल लावली. कोकणात खाडीच्या काठाला, खारफुटीच्या मागे ती आपोआप वाढते, खारेपणाचं तिला काही वाटत नाही. पानं कडू, शेळीही तोंड लावत नाही. नर्सरीत पैसे घालवायची गरज नाही. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या तोडून जुलै-ऑगस्टच्या ओलीत खोचल्या की फुटतात. मामांनी दुसऱ्या साइटवरच्या छाटणीतूनच भारे आणले. उशिरा, माती बरीचशी धुतल्यावर खोचल्या, तरी क्वचितच एखादी गेली.

आता कटकट वेगळी आहे. कोयनेल कुंतीच्या दुप्पट वेगाने वाढते, पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी कात्री लावावी लागते, आणि एका रांगेत दोन पोत दिसतात याबद्दल पहिल्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार आहे. सोसायटीला उंची सहा फूट हवी, शेजाऱ्याला चार. सध्या मामा दोरी पाचावर बांधतात. लेटरहेडवरचं पत्र मी शेवटी दिलं, पण चौकीला नाही, कमिटीला: चेंबर दुरुस्तीचं आणि जिप्समचं बिल. त्यातलं निम्मं अजून यायचंय.