कागदावरचे 40 मीटर

बीड जिल्ह्यातील ज्या गावात मी ग्रामसेविका आहे, तेथील सरपंचपद डिसेंबर 2022 च्या थेट निवडणुकीत नामाप्र (नागरिकांचा मागास प्रवर्ग) महिलेसाठी राखीव होते. निवडून आलेल्या बाई त्याआधी अनेक हंगाम पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जात असत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतो तो नवरा, हंगाम संपल्यावर हिशेबाला बसतो तोही नवरा, आणि बाईने पहाटेपासून बांधलेल्या व डोक्यावरून वाहिलेल्या मोळ्यांची मजुरी त्याच्याच नावावर पडते.

सरपंच झाल्यावरही त्यांच्या हिशेबाची ही रीत फारशी बदलली नव्हती. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीतून खर्च होतो आणि प्रत्येक देयकाला सरपंच व ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. मी रुजू झाले तेव्हा सरपंचांच्या स्वाक्षरीचे डोंगल (पेनड्राइव्हसारखे उपकरण) त्यांच्या यजमानांच्या खिशात असे आणि ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर येई, म्हणजे गावाच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक निवडून न आलेल्या माणसाकडे होती. महिला सदस्यांचे तर त्याहून सोपे करून ठेवले होते. सभा पुरुषांनी उरकायची आणि मग शिपायाने प्रोसिडिंग बुक घरोघर नेऊन बायकांच्या सह्या आणायच्या. घरपोच सह्यांची ही पद्धत मी बंद केली, कारण सचिव म्हणून इतिवृत्ताला जबाबदार मी आहे. तेव्हापासून महिला सदस्या सभेला येऊ लागल्या. बहुतेक जणी भिंतीकडेच्या सतरंजीवर बसत.

त्या दिवशीच्या मासिक सभेत बंदिस्त गटाराच्या अंतिम देयकाचा विषय होता. मोजमाप पुस्तिकेत शाखा अभियंत्यांनी 180 मीटर लांबी नोंदवली होती. मी विषय वाचला, एका सदस्याने सूचक म्हणून आणि दुसऱ्याने अनुमोदक म्हणून आपले नाव घालायला सांगितले, आणि मी ठराव लिहू लागले, तेवढ्यात सरपंचबाईंनी विचारले, “मॅडम, एक नळा किती लांबीचा असतो?”

अंदाजपत्रकात अडीच मीटर लांबीचे सिमेंटचे नळे होते. मी तसे सांगितले.

“मग छप्पन्न नळ्यांचं किती झालं?”

140 मीटर. सभेत कोणी हा गुणाकार मोठ्याने केला नाही, पण झाला सगळ्यांचाच. नळे त्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत उतरवले होते आणि ट्रॅक्टर रिकामे होताना त्यांनी ते मोजले होते. यजमान हसून म्हणाले, “अगं, सायबानं टेपानं मोजलंय, तुला काय कळतंय त्यातलं?” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “मोळ्या मोजू मोजू गाड्या भरल्यात म्या. काट्यावर वजन मारलेलं बी वळखते. नळं मोजाया काय शाळा लागती?”

सतरंजीवरून एक सदस्या उठल्या आणि म्हणाल्या की गटार त्यांच्या वस्तीच्या अलीकडेच संपले आहे, पुढचे सांडपाणी अजून रस्त्यावरून वाहते. ती वस्ती अंदाजपत्रकात होती, मोजमाप पुस्तिकेतही होती. नळे तेवढे तिथे पोहोचले नव्हते. फेरमोजणी होईपर्यंत देयक स्थगित ठेवण्याचा ठराव सरपंचांनी मांडला, त्या सदस्येने अनुमोदन दिले आणि बहुमताने तो मंजूर झाला. सभा संपल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “आरक्षणानं हे असं होतं, भाऊसाहेब.” मी बाई असले तरी ते मला भाऊसाहेबच म्हणतात. मी स्वतः 1994 च्या महिला धोरणातून आलेल्या 30 टक्के आरक्षणातून नोकरीला लागले, हे बहुधा त्यांना ठाऊक नसावे.

त्यांचे म्हणणे मला उलट्या अर्थाने पटते. 73व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये हा वाटा निम्म्यापर्यंत वाढवला, म्हणून ही बाई त्या खुर्चीपर्यंत आली. जिथे स्त्रियांसाठी राखीव जागांवर निवडणूक झाली नाही, तिथले चित्र 2024 च्या निकालांत दिसते: लोकसभेच्या 543 पैकी 74 जागांवर आणि राज्य विधानसभेच्या 288 पैकी 21 जागांवर स्त्रिया निवडून आल्या. रवांडाने 2003 च्या राज्यघटनेत 30 टक्क्यांची किमान अट घातली आणि 2008 पासून तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहात स्त्रिया निम्म्याहून अधिक आहेत. मात्र जागा मिळाली तरी डोंगल कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न उरतोच, आणि तो कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

फेरमोजणीत लांबी 140 मीटरच भरली. देयक दुरुस्त झाले, स्वाक्षरीला सरपंचांचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडला गेला आणि उरलेल्या 40 मीटरचे काम पुढे त्या वस्तीपर्यंत झाले.

त्यानंतर काही आठवड्यांतच सरपंचांच्या सासरच्या घराचे शासकीय जागेवर अतिक्रमण असल्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल झाला. अशा अतिक्रमणावरून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार सदस्यत्व रद्द होऊ शकते, आणि हत्यार म्हणून हे कलम गावोगावी सर्वांना तोंडपाठ आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचांना अशाच आरोपावरून अपात्र ठरवले गेले होते. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि स्त्री सरपंच झाल्याचे गावकऱ्यांना पचले नाही, असे स्पष्ट नोंदवले. आमच्या सरपंचांनी त्या निकालाची प्रत वकिलाकडून मागवून घेतली आहे. घराच्या नमुना 8 च्या (घरपट्टी आकारणी नोंदीच्या) उताऱ्यासाठी त्या स्वतः कार्यालयात आल्या, फी भरली, पावती घेतली आणि उताऱ्यावरचे क्षेत्रफळ माझ्यासमोर दोनदा वाचून पाहिले.