घरचा साग आणि गोठ्यावरचे वासे

"घरचो साग आसा, इकत घेतललो नाय," टेम्पोतल्या ओंडक्यावर हात ठेवून तात्या म्हणाले. कर्लीच्या खाडीत जाळी टाकायला त्यांना माझ्याकडून सोळा फुटी होडी बांधून हवी होती, आणि पठाणापासून, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यापासून, काठापर्यंत सगळी सागाचीच.

मी ओंडक्याचं तोंड ताजं कापलं. मधे सोनेरी तपकिरी गाभा, भोवती दोन बोटं जाड पांढुरका थर. आपण सागाचं जे कौतुक करतो ते या गाभ्याचं. तेल त्यात असतं. त्यामुळे तो पाण्यात टिकतो, शिवाय त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात तो गुण नाही, आणि कोवळ्या झाडात तेच जास्त.

तात्यांना पटेना. दुरुस्तीला आलेल्या एका होडीची काढलेली फळी मांडवात पडली होती, ती त्यांच्यासमोर मोडली. बाहेरून टाचणीने टोचल्यासारखी भोकं, आत मात्र करंगळी जाईल अशा नळ्या. हे काम करणाऱ्या जीवाला आपण किडा म्हणतो, पण तो शिंपल्याच्या जातीचा. पिल्लू असताना शिरतो आणि लाकूड खात आतच वाढतो. त्या फळीत पांढऱ्या भागाची चाळण झाली होती. गाभ्याकडे नळ्या विरळ होत गेल्या होत्या. तात्यांनी फळी उलटसुलट करून बराच वेळ पाहिली.

मग म्हणाले, परसातला फणस पाडू. फणसाचा पिवळा गाभा फळ्यांना फार चांगला, माझं आवडतं लाकूड. पण साग, आंबा, ऐन यांच्यासारखा फणसही 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगी घ्यावी लागते. आणि ओलं लाकूड फळीला लावलं की सुकताना आखडतं, सांधे उघडतात. उभं फळतं झाड त्यासाठी का पाडायचं?

तेव्हा इतका वेळ गप्प असलेला त्यांचा मुलगा बोलला. गोठा पाडला तेव्हाचे वासे मागच्या पडवीत आहेत. दुपारी जाऊन पाहिले. धुराने काळे झालेले, पण वाकसाने एक टवका काढला आणि आत फणस! पिढ्यान्‌पिढ्या सुकलेलं असं लाकूड आता वखारीत मिळत नाही. जुने खिळे शोधून काढायचं काम आहे, ते मी आनंदाने करीन.

बाकीचं तिथेच ठरलं. पठाणाला ऐन: जड, कणखर, उन्हात तडकतो, पण पठाण बहुतेक ओलाच राहतो. आतल्या बाकांना, म्हणजे होडीच्या वळणदार फासळ्यांना, उंडी. किनाऱ्यावर ती वाकडीच वाढते, त्यामुळे लाकडाच्या शिरा बाकाबरोबर वळलेल्या मिळतात. सरळ फळीतून तोच बाक कापला तर शिरा मधेच तुटतात आणि पहिल्या दणक्याला तिथेच चीर जाते. तात्यांच्या सागाचा गाभा बसायच्या फळ्यांना पुरेल.

नारळी पौर्णिमेला होडी हवी होती. मी नाही म्हणालो. उंडी अजून कापायची आहे आणि पावसाळ्यात ती सुकणार नाही. दिवाळीनंतर पठाण मांडायचं ठरलं.